कर्णा मोठा की कंठ मोठा?

एखाद्या कॅथलिक घरात इटालियन ऑपेरातील आरियांची ध्वनिमुद्रिका लागली की तिच्यावरचे तीन आरोप ठरलेले असतात. हे गाणे परके आहे, हा पहिला. हे श्रीमंतांचे गाणे आहे, आपल्यासारख्यांचे नव्हे, हा दुसरा. आणि हे रंगभूमीचे, ऐहिक प्रेमाचे गाणे आहे, श्रद्धावंत कुटुंबाशी त्याचा काय संबंध, हा तिसरा. आरोप करणारे कोणी दुष्ट लोक नाहीत. आपल्याच धर्मग्रामातली समंजस माणसे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे अगत्याचे ठरते. परंतु माझे भांडण केवळ त्यांच्याशी नाही. अशी ध्वनिमुद्रिका दिवाणखान्यात मिरवणाऱ्यांशीही आहे. कारण दोन्ही पक्ष एकाच कष्टातून अंग काढून घेतात. तो कष्ट म्हणजे आपल्या मुलामुलींचा आवाज घडवण्याचा.

शब्दांचा अर्थ आधी स्पष्ट करू. ऑपेरा म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत गायिले जाणारे नाटक, आणि आरिया म्हणजे त्यातील पद. कथानक क्षणभर थांबते आणि पात्र आपले अंतःकरण उघडे करते. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागू नये. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठाची सर्वांत उंच पट्टी. अशा सोप्रानो गायिकांच्या निवडक आरियांच्या ध्वनिमुद्रिका शेकड्यांनी निघाल्या. त्यांपैकी एकच मी येथे समोर ठेवतो. अमेरिकन गायिका लिऑन्टीन प्राइस यांनी १९६० साली रोममध्ये वेर्दी आणि पुच्चीनी यांच्या आरिया गाऊन मुद्रित केल्या आणि आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने त्या १९६१ मध्ये प्रसिद्ध केल्या. वेष्टनाच्या रंगावरून रसिक तिला 'निळी ध्वनिमुद्रिका' म्हणू लागले. 'आयदा', 'इल त्रोव्हातोरे', 'मादाम बटरफ्लाय', 'तोस्का', 'तुरांदोत' या ऑपेरांतील पदे तिच्यात आहेत. गाणारी मात्र इटलीची नव्हे. ती मिसिसिपी राज्यातील लॉरेल या लाकूड-गिरण्यांच्या गावची कृष्णवर्णीय मुलगी.

आता पहिला आरोप. इटालियन आरिया इटलीच्या रक्तातच असते, असे आपण समजतो. मग विसाव्या शतकात ज्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी हे गाणे जगभर पोहोचवले, त्या गायिका कोण होत्या ते पाहा. मारिया कॅलास न्यूयॉर्कमध्ये १९२३ साली ग्रीक स्थलांतरितांच्या पोटी जन्मली, अथेन्समध्ये एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे शिकली. लिऑन्टीन प्राइस यांचे मूळ वर सांगितलेच. दोघींनाही इटालियन गाणे शिकूनच मिळवावे लागले. शिकून जे मिळते ते परके कसे? आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे घ्या. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या त्या येशूसंघीयाने ओवी शिकून घेतली आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून निघाले. आज चारशे वर्षांनंतर आपण ते मराठीचे भूषण म्हणून मिरवतो. इंग्रजाच्या हातून ओवी चालते आणि मराठी मुलीच्या कंठातून आरिया चालत नाही, हा न्याय कोणता?

ध्वनिमुद्रणाचा इतिहासही हेच सांगतो. १९०२ च्या एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी मिलानच्या एका हॉटेलात एन्रिको कारुसो या तरुण गायकाच्या दहा आरिया मुद्रित केल्या. त्याच वर्षी ते जहाजाने कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच यंत्रासमोर गौहर जान गायली. इटालियन आरिया आणि हिंदुस्थानी ख्याल-ठुमरी एकाच माणसाच्या कर्ण्यात एकाच वर्षी शिरली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या जोरावरच सुईने मेणावर रेघ ओढायची. ज्याचा कंठ घडलेला नव्हता त्याची रेघच उमटत नसे.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे जुनी जखम आहे. पुणे-नगर मार्गावर, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर भीमेच्या काठी कोरेगाव भीमा आहे. या पट्ट्यात, सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या आधाराने, कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबेही वसली आहेत. अशा घरातील मुलीने ऑपेरा शिकायचा म्हटले तर शेजारी हसतील, आणि हसणाऱ्यांत आपलेच लोक पुढे असतील. 'हे आपल्यासाठी नाही' हे वाक्य पूर्वी वरच्यांनी आपल्याला ऐकवले. आता ते आपणच आपल्या लेकरांना ऐकवू लागलो आहोत. ज्या परिसरात १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे, जेथे १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले, आणि जेथे दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसे आपले हिरावलेले नाव मोठ्याने उच्चारण्यासाठी जमतात, त्या परिसरात तरी हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभत नाही.

लॉरेलच्या त्या मुलीची गोष्ट म्हणूनच आपल्या उपयोगाची आहे. १९२७ साली तिचा जन्म झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण. आई गावच्या चर्चच्या गायकवृंदात गात असे. वर्णभेदाचे कायदे असे कडक की काळ्यांची शाळा वेगळी आणि रेल्वेचा डबाही वेगळा. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आईवडिलांनी घरातला फोनोग्राफ देऊन टाकला आणि त्याच्या किमतीवर पियानोचा पहिला हप्ता भरला. वाचकहो, या एका व्यवहारावर क्षणभर थांबा. त्या घरात गाणे ऐकण्याचे यंत्र होते. ते देऊन त्यांनी गाणे निर्माण करण्याचे साधन आणले. आपल्यापैकी किती घरांनी असा सौदा केला असता? आपण बहुधा पियानो विकून मोठा कर्णा आणला असता.

पुढची हकिकतही तितकीच बोलकी आहे. नऊ वर्षांची असताना आईने तिला जॅक्सन शहरी नेऊन मॅरियन अँडरसन यांचे गाणे ऐकवले. या अँडरसनबाईंना १९३९ साली त्यांच्या वर्णामुळे वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने दार बंद केले होते. तेव्हा ईस्टरच्या रविवारी त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि सुमारे ७५ हजार लोकांपुढे गायिल्या. लिऑन्टीन शिक्षिका होण्यासाठी महाविद्यालयात गेली, पण तिथे तिचा आवाज ओळखला गेला. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड शाळेत जाण्यास पैसे नव्हते. गायक पॉल रॉबसन यांनी तिच्या निधीसाठी कार्यक्रम केला. तिच्या नात्यातली एक स्त्री ज्या गोऱ्या कुटुंबात घरकाम करीत असे, त्या कुटुंबाने मदत केली. फ्लोरेन्स पेज किंबॉल या शिक्षिकेने तिचा आवाज वर्षानुवर्षे घडवला. आणि २७ जानेवारी १९६१ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिने पदार्पण केले तेव्हा टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबल्या नाहीत. ती निळी ध्वनिमुद्रिका या साऱ्या मालिकेचे शेवटचे टोक आहे. तिच्या आधी एक सुईण आहे, एक गायकवृंद आहे, एक विकलेला फोनोग्राफ आहे, एक निधी आहे आणि एक शिक्षिका आहे. तेव्हा हे गाणे श्रीमंतांचे, हे म्हणणे टिकत नाही. तिकीट श्रीमंतांनी काढले असेल, कंठ गिरणी-कामगाराच्या मुलीचा होता.

तिसरा आरोप धर्माचा आहे. त्यात तथ्यांश आहे, आणि तो मी नाकारीत नाही. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सेसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जे आदेशपत्र काढले त्यात इटलीतल्या चर्चमध्ये शिरलेल्या नाटकी संगीतशैलीवर कठोर टीका आहे. ती योग्यच होती. मिस्साबलिदानात तोस्काची आरिया गावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. उपासनेचे गाणे वेगळे, रंगभूमीचे वेगळे. पण म्हणून रंगभूमीचे गाणे ख्रिस्ती माणसाने ऐकूच नये, हे त्या पत्रातून निघत नाही. पुच्चीनींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लुक्का शहरातील चर्चचे वादक झाले. त्यांनी स्वतः १८८० साली मिस्सा रचला आणि पुढे त्याच मिस्सातील 'आन्युस देई'चे संगीत आपल्या ऑपेरात वापरले. त्यांची बहीण धर्मभगिनी होती. 'सुओर आंजेलिका' हा एका जोगिणीच्या मातृत्वाचा ऑपेरा लिहिल्यावर तो त्यांनी बहिणीच्या मठात जाऊन स्वतः पियानोवर ऐकवला. चर्च आणि रंगभूमी यांच्यात भिंत आहे, पण त्या भिंतीला दारही आहे.

आणि त्या आदेशपत्राची आठवण काढायचीच तर पुरती काढू. त्याच पत्राने स्त्रियांना गायकवृंदातून वगळले होते. गायकाचे काम हे उपासनेतील पद आहे आणि स्त्री ते पद धारण करू शकत नाही, असा त्यामागे युक्तिवाद होता. उंच पट्टी तर हवी होती. तेव्हा ती मुलांकडून घेतली जाई आणि त्याही पूर्वी ज्यांचा आवाज बालपणीच शस्त्रक्रियेने फुटू दिलेला नसे अशा पुरुषांकडून. सिस्टाइन चॅपेलमधला असा अखेरचा गायक आलेस्सांद्रो मोरेस्की याचा आवाज १९०२ आणि १९०४ मध्ये मुद्रित झालेला आहे. स्त्रीचा स्वर हवा, स्त्री नको! आपल्या मराठी रंगभूमीनेही वेगळ्या रीतीने तेच केले. १८८० च्या 'शाकुंतला'पासून कित्येक दशके नायिका पुरुषच झाला. बालगंधर्वांच्या थोरवीला उणेपणा न आणता हे म्हणता येते. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर आल्या तेव्हा कुठे मराठी स्त्रीचा स्वर स्त्रीच्या मुखातून ऐकू आला. ख्रिस्तसभेने आपला नियम हळूहळू सैल केला, आणि १९६७ च्या पवित्र संगीताविषयीच्या सूचनेने स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदाला स्पष्ट जागा दिली. नियम गेला, पण घराघरातला नियम राहिला. 'लग्न झाल्यावर कोण गाणार आहे?' या एका प्रश्नाने आपण जितके कंठ बंद केले तितके कोणत्याही आदेशपत्राने केले नसतील.

येथे एक सुशिक्षित प्रतिपक्षी उभा राहतो. तो म्हणतो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपापल्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले आहे. मग ही पाश्चात्त्य आरिया कशाला? बरोबर आहे. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातील ११९ वे कलम तसे सांगते. पण त्याच्या चार कलमे आधी ११५ वे कलम आहे. धर्मगुरूंच्या विद्यालयांत, मठांत आणि कॅथलिक शाळांत संगीताच्या शिक्षणाला आणि सरावाला मोठे महत्त्व द्यावे, गायकांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. ११९ आपण भाषणात वापरतो, ११५ विसरतो. कारण ११९ साठी केवळ मत लागते, तर ११५ साठी शिक्षक, वेळ आणि पैसा. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात युरोपातून आलेल्या फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय संगीत आणि नृत्य ख्रिस्ती उपासनेजवळ आणले, ते घोषणा करून नव्हे, शिकून. माझ्या प्रतिपक्ष्याने आपल्या धर्मग्रामात खर्जाचा रियाज करणारी चार मुले दाखवावीत. मी आरियांचा विषय तेथेच सोडून देईन.

वस्तुतः आपल्या बहुतेक देवळांतून ना हिंदुस्थानी गायकी उरली, ना पाश्चात्त्य. उरला आहे तो तयार ठेका. कीबोर्डवरचे बटण दाबले की तबला वाजतो, दुसरे दाबले की गिटार. चार-पाच जण ध्वनिवर्धकाला ओठ लावून गातात आणि उरलेली मंडळी उभ्या उभ्या ऐकतात. सणाच्या दिवशी कर्णे वाढतात. आवाज दुप्पट होतो, गाणे निम्मे होते. वाचनाला, प्रवचनाला, मैदानावरच्या मेळाव्याला ध्वनिवर्धक लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेदोनशे माणसांच्या देवळात ज्याला यंत्राशिवाय गाता येत नाही, त्याला आपण गायक का म्हणतो?

निळ्या ध्वनिमुद्रिकेचे खरे शिक्षण येथे आहे. ऑपेरा गायिका मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून, साडेतीन हजारांहून अधिक श्रोत्यांच्या सभागृहात, यंत्राच्या मदतीवाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. यात चमत्कार नाही. स्टॉकहोमचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात त्याची उकल केली. वाद्यवृंदाचे सर्वाधिक बळ सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास असते. घडवलेला पुरुषकंठ ३००० च्या जवळपास, जेथे वाद्यवृंद दुबळा असतो तेथे, आपले तेज साठवतो. सोप्रानो उंच स्वरावर जबडा अधिक उघडून मुखाच्या पोकळीचा अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेते. या सर्वांखाली श्वास असतो. फासळ्या पसरलेल्या, पोटाचे स्नायू जागे, हवा सुटते ती काटकसरीने. हे सारे शिकवता येते आणि शिकावेच लागते. ध्वनिमुद्रणाच्या वेळचा मायक्रोफोन असा घडलेला आवाज फक्त ऐकतो. आपल्या देवळातला मायक्रोफोन न घडलेला आवाज फुगवतो. यंत्र तेच, पण एका ठिकाणी तो कान आहे, दुसऱ्या ठिकाणी कुबडी.

आता मिरवणाऱ्यांकडे वळतो. मुंबईत १९६० मध्ये जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांचे नाव निघाले की आपली छाती फुगते. त्या लंडनच्या गिल्डहॉल शाळेत शिकल्या. जॉन टॅव्हनर या रचनाकाराने त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या आणि १९९२ साली त्याच्या 'मेरी ऑफ ईजिप्ट' या ऑपेरात संत मरियेची मुख्य भूमिका त्यांनी गायली. २००१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सन्मान दिला. मुंबईच्या ज्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली झाले, ज्यात ऑपेरापेक्षा मराठी नाटके आणि चित्रपटच अधिक झाले, आणि जे १९९० च्या दशकात बंद पडले, ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडले तेव्हा तिथे त्याच गायिल्या. सर्व अभिमानास्पद आहे. पण या अभिमानात आपला वाटा कोणता? कंठ येथला, शिक्षण तेथले. आपण केवळ टाळ्या दिल्या. त्यांनी मात्र २००९ मध्ये, पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह, भारतात येऊन तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. जी स्त्री स्वतः जाऊन शिकली तिला कळले की इथे शिकवले पाहिजे. आपल्याला, जे कुठेच गेलो नाही, ते अजून कळत नाही. आपण मुलांना परीक्षेच्या प्रमाणपत्रापुरता कीबोर्ड शिकवतो, प्रमाणपत्र भिंतीवर लावतो आणि दहावीचे वर्ष आले की वाद्यावर कापड टाकतो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने ध्वनिवर्धकावर जेवढा खर्च केला तेवढा एकदा कंठावर करावा. शिक्षक हिंदुस्थानी गायकीचा मिळाला तर तो, पाश्चात्त्य गायकीचा मिळाला तर तो. गुरू जवळचा असावा आणि शिस्तीचा असावा, एवढीच अट. आठवड्यातून दोन दिवस मुलांना श्वास, स्वर आणि शब्दोच्चार शिकवावेत. शब्दोच्चार मुद्दाम म्हणतो, कारण आपल्या मिस्सातली गीते ऐकताना यमक कळते, अर्थ कळत नाही. महिन्यातून एक रविवार गायनापुरता ध्वनिवर्धक बंद ठेवावा, म्हणजे कोण गातो आणि कोण ओठ हलवतो हे सर्वांना समजेल. दोन-चार धर्मग्रामांनी मिळून एक निधी उभारावा आणि खरोखर आवाज असलेल्या एका मुलीला किंवा मुलाला पुण्या-मुंबईच्या चांगल्या गुरूकडे पाठवावे. त्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हा निधी देणाऱ्यांनी वरपक्षाला सांगावे की ही गाते आणि गात राहील. आणि त्या वर्गात मुलांना कधीतरी निळी ध्वनिमुद्रिका ऐकवावी. ती पूजेसाठी किंवा मिरवण्यासाठी नव्हे. गिरणी-कामगाराच्या लेकीने काय करून दाखवले ते मुलांच्या कानांनी मोजावे, म्हणून.

कोणी म्हणेल, एवढे करून किती मुले ऑपेरात जाणार? बहुधा एकही नाही. पण रविवारी मिस्सात उभी राहणारी ती मुले देवासमोर स्वतःच्या आवाजात उभी राहतील. लॉरेलच्या त्या सुईणीने फोनोग्राफ दिला तेव्हा मेट्रोपॉलिटनचे नावही तिच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते. घरात गाणे ऐकू येण्यापेक्षा घरातून गाणे बाहेर पडावे, एवढाच तिचा हिशेब असावा. येत्या सणाचा खर्च ठरवायला धर्मग्रामाची समिती बसेल, तेव्हा कर्ण्यांच्या भाड्याच्या आकड्याशेजारी गायनशिक्षकाच्या मानधनाचा रकाना मांडा, आणि तो रिकामा सोडणाऱ्याला सर्वांसमोर कारण विचारा.